सात पूर्णांक एक

“बारा पूर्णांक सहा. सबळ,” फाटकावरचं यंत्र मंजुळ आवाजात म्हणालं आणि सानिका बेंगाळचं तोंड उतरलं. चांगला आकडा ऐकून हिरमुसणारी बाई अख्ख्या पांगरखेड्यात ती एकटीच असावी. रांगेतल्या बाकीच्या बायका तेरा आला की एकमेकींना कोपरखळ्या मारायच्या, एखादीला साडेतेरा आला तर त्या संध्याकाळी तिच्या घरी शिरा व्हायचा. सानिका मात्र रोज सकाळी यंत्रात बोट घालताना मनातल्या मनात एकच मागायची, की आज तरी नऊ येऊ दे. नऊ आला असता तर तिच्या दुखण्याला काहीतरी नाव मिळालं असतं.

सन २०५८ची ही गोष्ट. तोवर रक्त तपासायला सुई लागायची हे नव्या पोरांना खरंसुद्धा वाटेनासं झालं होतं. दंडाला रबर बांधायचं, शीर शोधायची, आई गं म्हणायचं आणि रिपोर्टसाठी संध्याकाळपर्यंत ताटकळायचं, हे सगळं इतिहासजमा झालं होतं. आता फाटकाफाटकावर, शाळेत, बसथांब्यावर एक पेरूएवढी डबी असे. तिच्या खाचेत बोट घातलं की नखावर हिरवा उजेड पडे आणि पापणी लवायच्या आत आकडा मिळे. त्या डबीचं सरकारी नाव नखवेधी. पांगरखेड्यात तिला नखुल्या म्हणत, कारण या गावात कुणालाही आणि कशालाही धड नावानं हाक मारायची पद्धतच नव्हती.

नखुल्या सांगे त्या आकड्याला रक्तांक म्हणत. म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, जुनं हिमोग्लोबिनच. शंभर मिलिलिटर रक्तात ते किती ग्रॅम आहे, एवढाच तो हिशेब. आणि या आकड्यावर एक कायदा झाला होता. रक्तांक आठच्या खाली गेला तर कामगाराला घरी बसवून भरपगारी विश्रांती आणि औषधपाणी द्यायचं, आठ ते अकरा असेल तर ओझ्याचं काम द्यायचं नाही, अकरा ते बाराला गोळ्या सुरू करायच्या, आणि बाराच्या वर असलेली बाई सबळ. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, त्याबद्दल कुणी नावं ठेवू नयेत. पण कायद्याच्या पोटात एक उपकायदा आपोआप वाढला. बाराच्या वरच्या माणसाला दमायचा हक्क उरला नाही. रक्त भरलेलं आहे, तरी हा बसतो, म्हणजे मनाचा मंद. अशाला ‘सबळ असून मंद’ असा शेरा मिळे. तीन शेरे झाले की नाव कामावरून कमी, आणि जिल्ह्याच्या गावी तीन महिने उभारी वर्गात रवानगी. दमलेल्या माणसाला दमू नये कसं, हे तिथं शिकवत.

सानिकाला दोन शेरे मिळाले होते.

ती कामाला होती हळदीच्या कारखान्यात. शिजवून वाळवलेली हळद मोठ्या ड्रममध्ये फिरवून घासायची, मग हळकुंडं निवडायची, पोत्यात भरायची. वय छत्तीस. पोतं सोडा, रिकामी पाटी उचलली तरी तिच्या कानात छातीचे ठोके वाजायचे. गोदामाच्या पायऱ्या चढताना डोळ्यांपुढं काजवे. केसांचा गुंता रोज एवढा निघायचा की तो ती लपवून टाकायची. पाळी आली की आठ-आठ दिवस हटायची नाही. आणि एक गोष्ट तर तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती. ती चोरून कच्चे तांदूळ खायची, मूठमूठ, कडाकडा चावून. का खावेसे वाटतात ते तिला कळत नसे आणि त्याची लाज मात्र वाटे.

तिचा नवरा ओमकार हळदीची गाडी चालवायचा. माणूस भला, पण मूग गिळून बसणारा. खरी गाठ होती ती सासूशी. मनीषाबाई त्रेसष्ट वर्षांच्या, कारखान्यातल्या बायकांच्या मुकादम. पहाटे साडेचारला उठून दिवसभर राबायच्या आणि राबून दाखवायच्या. सून मटकन खाली बसली की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. “आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणतेत,” त्या चारचौघींत म्हणायच्या, “पण हिचा आड तर काठोकाठ भरलाय, बारा-साडेबारा. पोहराच वर यायला तयार नाही, त्याला कोण काय करणार?” बायका हसायच्या. सानिकाही हसायची, कारण रडायला लागतो तेवढा जोरसुद्धा तिच्यात नसे. आणि खरं सांगायचं तर तिलाही ते पटलं होतं. यंत्र काय खोटं बोलणार? आपणच आळशी. आपल्या आईबापांनी आपल्याला वळण लावलं नाही. हे ती स्वतःला इतक्या वेळा म्हणाली होती की आता त्यात दुःखही उरलं नव्हतं.

त्या दिवशी फाटकातून आत येताच पर्यवेक्षक गुट्टे तिला म्हणाला की आज तिच्या वाट्याची वीस पोती दिवस मावळायच्या आत भरली नाहीत तर तिसरा शेरा त्याला लिहावाच लागेल. त्याचाही नाइलाज होता, कागद वरून येत. सानिकानं मान हलवली. वीस काय, बारा भरली तरी देव पावला असं तिचं तिलाच माहीत होतं.

पण त्याच दिवशी एक पाहुणी आली.

पांगरखेड्याचं नाव त्या काळी राज्यभर गाजत होतं. नऊ वर्षांपूर्वी, नखुल्या यायच्या आधी, सुईनं तपासलं तेव्हा इथल्या बायकांचा सरासरी आकडा निघाला होता आठ पूर्णांक सात. नखुल्या आला आणि वर्षभरात तोच आकडा बारा पूर्णांक नऊ झाला, तेव्हापासून तो तिथंच. राज्यात पहिला नंबर. लोहाच्या गोळ्यांचा कार्यक्रम बंद झाला, कारण भरल्या पोटाला जेवण कोण वाढतं? पेपरात छापून आलं की हा हळदीचा गुण. झालं. आमचं गाव आधीच अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणारं, त्यात हळकुंडाचाच सत्कार. वेशीवर फलक लागला. शेजारच्या तालुक्यातले लोक इथली हळद औषध म्हणून न्यायला लागले.

तर हा गुण काय आहे ते शोधायला पुण्याहून डॉ. गार्गी खांबेटे आल्या होत्या. त्या सुई-गोळ्यांच्या डॉक्टर नव्हेत, उजेडाच्या. नखवेधी त्यांनीच बनवला होता. पन्नाशीच्या, बारीक, भराभर बोलणाऱ्या. त्यांना कारखाना दाखवायला एक बाई द्या म्हटल्यावर मनीषाबाईंनी सुनेकडं बोट केलं. ही गेली तरी काम अडत नाही, असं त्या म्हणाल्या आणि ते खोटं नव्हतं. पोत्यांचं काय, असं सानिकानं चाचरत विचारलं, तर गुट्टे म्हणाला, पोती तेवढीच, वेळ तेवढाच.

सानिकानं बाईंना सगळं फिरवून दाखवलं. गोदामाच्या पायऱ्यांवर ती तीनदा थांबली. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा खांबेटेबाईंनी तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि रक्तांक विचारला. बारा पूर्णांक सहा, सानिका म्हणाली. मग धीर करून तिनं नऊ वर्षांत कुणाला न विचारलेलं विचारून टाकलं.

“बाई, यंत्र कधी चुकतं का?”

खांबेटेबाईंना राग आला नाही. त्यांनी समजावून सांगितलं. रक्त लाल असतं ते हिमोग्लोबिनमुळं. आणि लाल वस्तू हिरवा उजेड गिळते. म्हणून नखावर हिरवा उजेड टाकायचा आणि किती परत आला ते मोजायचं. जास्त गिळला गेला तर हिमोग्लोबिन जास्त, कमी गिळला गेला तर कमी. एक लाख नखांवर तपासून पाहिलंय, त्या म्हणाल्या. नेलपॉलिश लावलेली नखं, मेंदीची, कोळशाची, शेणाची. हळदीचीसुद्धा. हळद पिवळी, ती हिरव्या उजेडाच्या आड येत नाही. सानिकानं बरं म्हटलं. तिची शेवटची आशाही तिथंच गोदामाच्या पायरीवर संपली आणि ती पुढची पायरी चढली.

दुपारी बायकांनी पाहुणीला ड्रमपाशी ओढून नेलं. हळदीच्या कारखान्यात येऊन कोरड्या हातांनी परत जायचं म्हणजे अपशकुन. बाईही हौशी. पदर खोचून तासभर त्यांच्यात बसल्या, ओलसर भुकटीत मनगटापर्यंत हात घालून हळकुंडं चोळली, निवडली, आणि हात असे पिवळेधमक झाले की लग्नघरातून आल्यासारख्या दिसायला लागल्या. निघताना कुणीतरी म्हणालं, बाई, तुमच्या नखुल्याला आता तुमचंच बोट दाखवा. बाई हसत फाटकाकडं निघाल्या, तर मनीषाबाई आडव्या.

“हात धुवा आधी.”

हा त्यांचा नेम होता. नखुल्या बसवला त्या दिवसापासून, नऊ वर्षं. देवाला आणि डॉक्टरला घाणेरडा हात लावायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. फाटकाच्या अलीकडं नळ होता, नळापाशी सोड्याचा डबा. बायकांची नखं वर्षभर पिवळीच राहायची, ती नुसत्या पाण्यानं कशी निघणार? म्हणून धुण्याचा सोडा चोळून, घासून, मगच यंत्राला बोट. एखादी तशीच घुसली तर मनीषाबाई तिला रांगेच्या शेवटी पाठवायच्या. दर दसऱ्याला त्या नखुल्याला झेंडूची माळ घालायच्या ती वेगळीच.

खांबेटेबाईंनी सोड्यानं हात धुतले, पदराला पुसले आणि बोट खाचेत घातलं.

“अठरा पूर्णांक दोन. सबळ.”

बायकांनी टाळ्या पिटल्या. एका दुपारच्या हळदीनं बाईंचं रक्त दीडपट झालं, पी हळद अन् हो गोरी म्हणतात ते खोटं नव्हे, असा एकच गलका झाला. पण बाई हसत नव्हत्या. त्यांचा स्वतःचा आकडा त्यांना तोंडपाठ होता. त्याच दिवशी सकाळी याच फाटकावर तेरा पूर्णांक एक आला होता. अठरा आकडा येतो तो हिमालयात उंचावर राहणाऱ्यांचा, नाहीतर आजाऱ्याचा. तो जेवणाच्या सुट्टीत चढत नाही. त्यांनी बोट उन्हात धरलं. नखाच्या कडा, नखाखालची फट, सगळं तांबूस झालं होतं.

हे लाल कशानं झालं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मनीषाबाईंना हसूच फुटलं.

“एवढं शिकलाव अन् हे ठाव नाही? हळदीला सोडा लागला, चुना लागला की ती लाल होती. कुंकू कशाचं करतेत मग?”

त्या वाक्यानंतर खांबेटेबाई नळाच्या कट्ट्यावर बसल्या आणि एकेक आठवू लागल्या. मेंदी तपासली होती, काजळी तपासली होती, हळद तपासली होती. सोड्यानं धुतलेली हळद एक लाख नखांत एकदाही आली नव्हती, कारण प्रयोगशाळेतल्या कुणालाच यंत्रापुढं जाताना आधी हात स्वच्छ धुवावेत इतका त्या यंत्राचा मान वाटला नव्हता. पांगरखेड्याच्या बायकांना तो वाटला. नखुल्या नऊ वर्षं त्यांच्या नखांतलं कुंकू मोजत होता आणि त्याला रक्त म्हणत होता.

बाईंच्या सामानात एक जुना संच असे, प्रयोगशाळेतल्या यंत्राची वर्षातून एकदा पडताळणी करायला. टोचायची बारीक सुई, काचेसारख्या पट्ट्या, आणि रक्ताच्या थेंबात थेट हिमोग्लोबिन मोजणारी छोटी पेटी. तो त्यांनी कट्ट्यावर मांडला आणि कुणी तयार आहे का विचारलं. सुई बघून बायका मागं सरल्या. सानिका पुढं झाली. तिला सुईची भीती वाटली नाही असं नाही, पण पोती भरायची राहिली ती राहिलीच होती आणि आता गमावण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं.

अनामिका पुसली, टोचली. पहिला थेंब बाईंनी कापसानं टिपून टाकला, दुसरा पट्टीवर घेतला. थेंब फिकट होता. पेटीनं अर्धं मिनिट घेतलं. ती बोलत नव्हती, नुसता आकडा दाखवायची. बाईंनी तो दोनदा वाचला, दुसऱ्या बोटाचा थेंब घेऊन पुन्हा मोजला, आणि मग तिच्याकडं वळल्या.

“सात पूर्णांक एक,” त्या म्हणाल्या. “सानिका, तुझं रक्त सात आहे.”

“म्हणजे मी आळशी नाही?”

“नाही गं. तू आजारी आहेस. फार दिवसांपासून.”

सानिका रडायला लागली. आधी हळू, मग हुंदके देऊन, आणि रडता रडता हसायला लागली. सात ऐकून कुणी असं करतं का? पण तिला सुटल्यासारखं झालं होतं. नऊ वर्षं तिच्या नावावर लागलेला डाग एका थेंबानं पुसला होता. ती वाईट बाई नव्हती, कामचुकार नव्हती, तिच्या आईनं तिला नीटच वाढवलं होतं. सात पूर्णांक एक हा आकडा तिनं चार-पाच वेळा तोंडानं म्हणून पाहिला. मग तिनं तांदळाचंही सांगून टाकलं, सगळ्यांसमोर. बाई म्हणाल्या, लोह कमी झालं की असं होतं, कुणी माती खातं, कुणी पाटीची पेन्सिल. गर्दीतल्या दोघी-तिघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि माना खाली घातल्या.

तेवढ्यात गुट्टे शेऱ्याचा कागद घेऊन आला. दिवस कलला होता आणि सानिकाच्या नावापुढं सातच पोती होती. खांबेटेबाईंनी त्याला पेटीवरचा आकडा दाखवला आणि कायदा विचारला. आठच्या खाली, गुट्टे पुटपुटला, सक्तीची विश्रांती. मग त्यानं पेन खिशात घातलं आणि विचारलं की बाई, माझ्या बायकोचंही एकदा बघता का?

त्या संध्याकाळी बाईंनी चाळीस बोटं टोचली. आठ, सहा पूर्णांक नऊ, साडेसात, एखादी दहा. बाराच्या वर एकच निघाली, ती आठवड्यापूर्वीच नाशकाहून लग्न होऊन आलेली. बायका घाबरल्या होत्या, या आकड्यांचा अर्थ विचारत होत्या. बाईंनी समोरच्या पोत्यांकडं बोट दाखवून सांगितलं. श्वासातली हवा म्हणजे हळदीची पोती समजा आणि हिमोग्लोबिन म्हणजे हमाल. फुप्फुसातून पोती उचलायची आणि अंगातल्या प्रत्येक कोपऱ्यात पोचवायची. बाईमाणसाला बारा ते पंधरा हमाल लागतात, पुरुषाला तेरा ते सतरा, पोटुशीला अकरा तरी हवेतच. तुमच्याकडं सात आहेत. पोती तेवढीच. मग हृदय काय करतं, मुकादमासारखं ओरडून त्या सातांनाच दुप्पट पळवतं. पायऱ्या चढताना छाती धडधडते ती त्यानं. आणि लोह नसेल तर नवे हमाल तयारच होत नाहीत.

हे बायकांना लगेच समजलं. समजलं नाही ते एकटीला, किंवा तिनं समजून घ्यायचं नाही असं ठरवलं. मनीषाबाई सुईजवळ फिरकल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी फाटकावरचा नखुल्या उतरवला आणि जिल्ह्याच्या गावाहून औषधं आली. सानिकाला शिरेतून लोह दिलं, पाळीवर उपचार सुरू झाले, जंताची गोळी झाली, जेवणावर लगेच चहा बंद झाला. गुण एका रात्रीत आला नाही. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तिच्या लक्षात आलं की आपण घराच्या पायऱ्या चढून वर आलो आणि कानात काही वाजत नाहीये. पाचव्या आठवड्यात ती ओमकारशी कडाकडा भांडली, कशावरून ते महत्त्वाचं नाही, आणि भांडण संपल्यावर दोघंही चकित होऊन एकमेकांकडं बघत राहिली. तिला चिडता येतं हे लग्नाला पंधरा वर्षं होऊनही त्याला माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं. गावात ती सोशिक म्हणून नावाजलेली होती. आता तिला शंका यायला लागली की तो स्वभाव होता की नुसते पाच हमाल कमी होते.

अशा त्या नव्या जोरात तिनं सासूला धरलं.

मनीषाबाईंचं एकच पालुपद होतं. मला काही होत नाही, मी धडधाकट आहे, दमते ती तू. पण खरं कारण वेगळं होतं आणि ते एकदा खांबेटेबाई घरी आल्या तेव्हा बाहेर पडलं. सोड्याचा डबा म्याच ठेवला होता ना, त्या एकदम म्हणाल्या. गोळ्या बंद झाल्या त्या मह्यामुळं. नऊ वर्षांत गावात किती जणी खाटेला खिळल्या, दोघी बाळंतपणात गेल्या, त्यांचा हिशेब कुणाच्या माथी? बोलताना त्या भिंतीकडं बघत होत्या. त्यांच्यासारखी बाई अशी बोलताना सानिकानं कधी पाहिली नव्हती आणि तिला सासूची दया आली, जी येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

“तुम्ही हात धुतलेत, मनीषाताई. त्यात काय चूक होती?” खांबेटेबाई म्हणाल्या. “यंत्र माझं होतं. इथं येऊन, उभं राहून बघायचं काम माझं होतं, मी नऊ वर्षांनी आले. ते माझ्या माथी. मला त्यातून सुटका नाही, पण तुम्हाला आहे.”

मनीषाबाईंनी मग हात पुढं केला. तो अगदी थंड होता. सहा पूर्णांक तीन.

सानिकाचा विश्वास बसेना. सहा घेऊन ही बाई पहाटे साडेचारला उठत होती, भाकऱ्या बडवत होती, वीस बायकांवर ओरडत होती. हे कसं शक्य आहे, तिनं विचारलं. बाईंनी सांगितलं की आकडा एकदम पडला तर माणूस आडवा होतो. पण तो वर्षानुवर्षं कणाकणानं उतरला तर शरीर जुळवून घेतं. हृदय मोठं होतं, चाल मंदावते, माणूस नकळत एकेक गोष्ट करायची सोडून देतो. आणि ज्याला भरलेपण ठाऊकच नाही त्याला कमीपण कळणार कशावरून? तुझ्या सासूबाई कदाचित वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षापासून अशाच असतील, त्या म्हणाल्या.

मनीषाबाईंना तालुक्याला दवाखान्यात ठेवून दोन पिशव्या रक्त चढवलं, हळूहळू, हृदयाला सोसेल तसं, आणि मग लोह. त्या दवाखान्यातही चादरींच्या घड्यांवरून परिचारिकांना बोलायच्या, त्यामुळं सगळ्यांनाच त्यांची काळजी कमी वाटायची. अडीच महिन्यांनी सुईचा आकडा आला अकरा पूर्णांक नऊ. सानिकाचा त्याच आठवड्यात बारा पूर्णांक सहा आला, पहिल्यांदाच खरा. दोघींनी मिळून शिरा केला आणि ओमकारनं गाडीवरच्या सगळ्या लोकांना वाटला. घरात कित्येक वर्षांत असा मोकळा दिवस आला नव्हता.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी, सकाळी सातच्या सुमारास, मनीषाबाई धुणं वाळत घालायला गच्चीवर निघाल्या. घराच्या जिन्याला अठरा पायऱ्या. नववीवर त्या बसायच्या, नेहमीच, लग्न होऊन या घरात आल्यापासून. तिथून रस्ता दिसतो म्हणून बसते असं त्या सांगायच्या आणि त्यांना स्वतःलाही तसंच वाटायचं. त्या दिवशी त्या बसल्या नाहीत. वर पोचल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. बादली खाली ठेवून त्या पुन्हा खाली गेल्या आणि पुन्हा वर आल्या. मग त्यांनी सुनेला हाक मारली. हाक वेगळीच वाटली म्हणून सानिका हातातलं पीठ तसंच घेऊन धावत वर गेली.

मनीषाबाई कठड्याला टेकून उभ्या होत्या. दम लागला नव्हता. चेहरा मात्र काहीतरी हरवल्यासारखा झाला होता.

“सानिका, बाकीच्या माणसांना असं कवा कवा वाटतंय?”

“कसं, आत्याबाई?”

“असं. अंग आपलं आपणच उचलल्यासारखं.”

“रोज वाटतं.”

“रोज? सगळ्यांना? तरुणपणापासून?”

सानिकानं हो म्हटलं. दुसरं काय सांगणार? ज्यांच्याकडं ते होतं त्यांना ते सांगण्यासारखं कधी वाटलं नव्हतं, आणि ज्यांच्याकडं नव्हतं त्यांना विचारायचं सुचलं नव्हतं. खाली रस्त्यावरून कामावर निघालेल्या बायका वर बघून हात हलवत होत्या. मनीषाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं, एकेकीकडं, आणि मग आपल्या स्वच्छ हातांकडं.

“अन् मला वाटायचं,” त्या म्हणाल्या, “जगणंच एवढं जड असतंय.”